नाकसाहेबांची सर्दी

दूध करपून घरभर वास सुटला होता, बायको स्वयंपाकघराच्या खिडक्या धडाधड उघडत होती, आणि नाकसाहेब गॅससमोर उभे राहून शांतपणे चहाची वाट बघत होते.

"अहो, इथेच उभे आहात आणि दूध करपलेलं कळलं नाही?"

"करपलं?" नाकसाहेब पातेल्यावर वाकले. जोरात श्वास ओढला. मग आणखी जोरात. "कुठे काय वास येतोय?"

दोघंही एकमेकांकडे बघतच राहिले.

कारण ते नाक साधंसुधं नव्हतंच. शहराच्या पाणीपुरवठा खात्यात जंतू तपासायला यंत्रं होती, त्यांचे आकडे लिहायला दोघे जण होते, पण पाण्याला वास येतो का, हे अजून माणसाच्या नाकानेच ठरत असे. त्यासाठी तिघांचं मंडळ होतं आणि नाकसाहेब त्यातले सर्वांत जुने. शेवाळ कुठलं, गंज कुठला, ते नुसत्या वासावरून सांगत. खात्यात त्यांचं खरं नाव कोणी घेतच नसे. आणि नाक बंद पडायला मुहूर्त कुठला सापडावा? आज टेकडीपलीकडच्या वसाहतीची नवी जलवाहिनी सुरू व्हायची होती. तिथे इतकी वर्षं टँकर येई. तिथेच त्यांची लेक राहत होती, तान्ह्या बाळाला घेऊन.

"सरळ रजा टाका," बायको म्हणाली.

"रजा? मागे आमच्यातल्या एकाचं नाक गेलं, तर त्याला उचलून तक्रारखिडकीवर बसवला. लोक त्याला काय काय बोलतात, माहितीये? नाकाबरोबर कानही जातील माझे!"

मग उपाय सुरू झाले. वाफ झाली, मिऱ्यांचा काढा झाला. शेवटी बायकोने एक मिरची चावायला दिली. डोळ्यांतून पाणी आलं, नाकातून पाणी आलं, वास मात्र आला नाही.

तेवढ्यात लेकीचा फोन. "बाबा! अख्खी गल्ली नळापाशी उभी आहे! मी सगळ्या बादल्या घासून ठेवल्यात. तुम्ही हो म्हटलं की पाणी सोडणार ना? मग म्हणा ना लवकर!"

"म्हणतो, म्हणतो," नाकसाहेब म्हणाले आणि घराबाहेर पडले. वाटेत त्यांना एक युक्ती सुचली. मंडळावर केमिस्टबाई होत्या, तात्या होते. त्यांच्याकडे बघायचं आणि ते करतील तसं करायचं. एक दिवस काय, सहज निभावून जाईल.

प्रयोगशाळेत लगीनघाई उडाली होती. बड्या मॅडम, म्हणजे मुख्य अभियंता, स्वतः हजर होत्या. टेकडीवर एक माणूस व्हॉल्व्हला हात लावून फोनवर थांबला होता. कंत्राटदार घाम पुसत होता. दाराबाहेर वार्ताहर उभे होते.

पद्धत ठरलेली होती. पाणी जरा कोमट करून बंद चंबूत हलवायचं, झाकण काढायचं, वास घ्यायचा. बोलायचं नाही. मग मॅडमनी तीन म्हटलं की तिघांनी एकदम हात वर करायचे. वास नसेल तर बंद मूठ. असेल तर जितका जास्त, तितकी जास्त बोटं.

तिघांनी नव्या वाहिनीतल्या पाण्याचे चंबू नाकाला लावले.

"एक, दोन... तीन!"

कोणाचाच हात वर गेला नाही.

नाकसाहेब केमिस्टबाईंच्या हाताकडे बघत होते. केमिस्टबाई नाकसाहेबांच्या हाताकडे बघत होत्या. तात्या आलटून पालटून दोघांकडे बघत होते.

"काय झालं? पुन्हा करा," मॅडम म्हणाल्या. "एक, दोन, तीन!"

तात्यांची मूठ टेबलापासून जेमतेम वीतभर उचलली गेली आणि घाबरून परत खाली आली. केमिस्टबाईंनी एक बोट काढलं, नाकसाहेबांकडे बघितलं आणि आत घेतलं.

"मॅडम, सोडू का?" फोनमधून टेकडीवरचा ओरडला. "इथे लोक नाचायला लागलेत!"

"सोडा की हो!" कंत्राटदार काकुळतीला आला.

मूठ वर करायची, एवढंच काम होतं. नाकसाहेबांनी ती वळलीसुद्धा. पण हात टेबलावरून हलेना. त्यांना घासलेल्या बादल्या दिसत होत्या, आणि बादलीशेजारी बाळ.

"मॅडम," ते उठून उभे राहिले, "मला वासच येत नाहीये. सकाळपासून नाक ठार बंद आहे. बसवा मला खिडकीवर."

मग तात्या खाकरले. "मॅडम, माझं तर दोन वर्षांपूर्वीच गेलं. साहेब बोटं काढतात, तेवढीच मी काढतो."

मॅडमनी केमिस्टबाईंकडे पाहिलं.

"माझं नाक चांगलं आहे," केमिस्टबाई ठसक्यात म्हणाल्या. मग त्यांचा आवाज उतरला. "पण माझं एकदाही साहेबांशी जुळलं नाही. म्हणून मी नाद सोडला. तेच बरोबर असणार ना!"

"म्हणजे इतके दिवस अख्खं शहर यांच्या एकट्याच्या नाकावर पाणी पीत होतं?" मॅडमनी कपाळाला हात लावला, चंबू उचलला आणि हुंगला. "अहो, ह्याला तर रंगाचा भपकारा येतोय! पाइपाला आतून रंग कधी दिलात?"

कंत्राटदाराच्या तोंडचं पाणी पळालं. "परवा. वाळलाय हो, म्हणजे... वाळत आलाय."

व्हॉल्व्ह बंदच राहिला. नाकसाहेब आपण होऊन तक्रारखिडकीकडे निघाले, तर मॅडमनी त्यांना दारात अडवलं.

"कुठे चाललात? शहराकडे कामाचं नाक एकच आहे, ते खिडकीवर ठेवून मी काय करू? घरी जा, सर्दी घालवा. आल्यावर मंडळाचे प्रमुख तुम्हीच. आणि यापुढे तिघांच्या मध्ये पडदे लावणार आहे मी!"

पाइप वाळवून, धुऊन, पुन्हा धुऊन झाला. यंत्रांनी पाणी उत्तम ठरवलं, मॅडमनी स्वतः हुंगून होकार दिला, आणि दोन दिवसांनी टेकडीपलीकडे पाणी धो धो सुटलं. लगेच लेकीचा फोन आला. मागे गल्लीभर आरडाओरडा चालला होता.

"बाबा, आलं! काय धार आहे! एकदम स्वच्छ! बाळाला देऊ ना हे?"

"दे की!" मंडळाचे नवे प्रमुख अभिमानाने म्हणाले. "यंत्रांनी तपासलंय, मॅडमनी तपासलंय, अगदी खात्रीचं पाणी आहे."

आणि बोलता बोलता ते थांबले. त्या यंत्रांपाशी बसणारे दोघे कोणाकडे बघून आकडे लिहीत असतील, हा विचार त्यांच्या मनात आयुष्यात पहिल्यांदाच आला होता.

"हॅलो? बाबा?"

"दे, दे," नाकसाहेब हळूच म्हणाले. "फक्त उकळून दे."