सबनीसकाकांचं कॅन्टीन

सबनीसकाका कुठल्याही कंपनीत शिरले की पहिला प्रश्न विचारतात, "कॅन्टीन कुठे आहे?" भूक नसली तरी.

ऑकलंडमधल्या आमच्या संध्याकाळच्या एमबीएच्या वर्गात ते सगळ्यात मोठे, सत्तावन्न वर्षांचे. राहायला माउंट रॉस्किलला, मूळचे मिरजेचे. शिक्षण डिप्लोमापर्यंत. त्यांच्या हाताखाली काम शिकलेली पोरं पदवीच्या जोरावर मॅनेजर झाली आणि हे सुपरवायझरच राहिले. "सविता, रिटायर व्हायच्या आत डिग्री घेणार म्हणजे घेणार," असं मला दर आठवड्याला बजावायचे. आमच्या घरात पदवी माझ्यापासून सुरू झाली, त्यामुळे मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही.

हसू आलं ते शांघायला. अभ्यासदौऱ्यात आम्हाला चीनमधल्या परदेशी कंपन्या दाखवत होते. पहिल्या दिवशी एका अमेरिकन कंपनीत स्लाइड्स सुरू झाल्या आणि काका गायब. सापडले भटारखान्यात, आचाऱ्याला खुणांनी भाताचं प्रमाण विचारताना. दुसऱ्या दिवशी आपल्या न्यूझीलंडच्या दूधभुकटीवाल्यांकडेही तेच. "स्लाइडवर सगळेच सुखी असतात गं. कंपनी जेवायला बसली की खरी कळते." वहीत नोंदी असायच्या: साहेब वेगळे बसतात. नूडल्स उत्तम. बाकं डुगडुगतात.

शेवटी प्रोफेसरबाईंनी त्यांना बाजूला घेतलं. "वसंत, आणखी एक सत्र बुडवलंत तर मी तुम्हाला पास करू शकणार नाही."

"स्वीट ॲज," काका म्हणाले, म्हणजे न्यूझीलंडच्या बोलीत 'चालेल की'.

तिसऱ्या दिवशी जर्मन कारखान्यात ते पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसले. आपली कंपनी इथल्या लोकांत कशी मिसळून गेली, हे तिथल्या जर्मन मॅनेजरने पाऊण तास सांगितलं. काका जागचे हलले नाहीत. मला त्यांचा अभिमान वाटला.

मग जेवण. कॅन्टीनमध्ये नुसता गलका. कोपऱ्यातल्या टेबलावर तोच मॅनेजर एकटा बसलेला, भोवतीच्या खुर्च्या रिकाम्या. काका ट्रे घेऊन थेट त्याच्यासमोर.

पुढच्या कंपनीतल्या सत्राची वेळ होत आली. बस निघायला लागली तशी मी धावत आत गेले.

"काका, चला! बाई थांबणार नाहीत. डिग्री जाईल!"

"माहितेय. याचं जेवण व्हायचंय अजून."

"अहो, जेवेल की तो!"

"जेवतो गं माणूस." काकांचा आवाज खाली आला. "मीही रोज जेवतोच. तुझी काकू गेल्यापासून रेडिओवर शेतकऱ्यांचं हवामान लावून बसतो. मला कुठली आलीय शेती? पण जेवताना ती रेडिओवरची बाई बोलत असते."

बाहेर हॉर्न वाजला. मॅनेजरने घड्याळाकडे बोट दाखवलं, काकांना जायची खूण केली. काकांनी मान हलवली आणि खुर्ची आणखी पुढे ओढली.

मी एकटीच निघाले. दारातून वळून पाहिलं, तर मॅनेजर आणखी भात आणायला उठला होता. परत येताना त्याच्या हातात दोन वाट्या होत्या.