सेट मोडू नये

समाज ताठ उभा राहायचा तर प्रत्येकाच्या पोटाचे स्नायू मजबूत हवेत, याबद्दल आता दुमत उरलेलं नाही. (ज्यांचं होतं, त्यांची पोटं सुटली.) आमच्या वरच्या मजल्यावरचे चिरंजीव या कार्याला वाहून घेतलेले गृहस्थ आहेत.

पहिला सेट.

जमिनीवर बसावं. पाय अधांतरी. सहा किलोचा चेंडू पोटाशी धरून डावीकडे टेकवावा, मग उजवीकडे. चेहरा देशासाठी काही सोसत असल्यासारखा ठेवावा.

आतल्या खोलीत वडील. अर्धांगाचा झटका येऊन गेलेला. सकाळपासून त्यांचं एकच मागणं आहे: खुर्चीत बसवा, छताचा पंखा बघून वीट आला.

"अहो, जरा या ना! बाबा मला एकटीला पेलत नाहीत."

"सेट चालू आहे!"

विश्रांती.

या काळात चिरंजीव मोकळे असतात. परंतु विश्रांतीत वजन उचलू नये, असा प्रशिक्षकाचा सक्त नियम आहे.

तुलना.

चेंडू गोल, वडील लांबट. चेंडूवर वजन छापलेलं असतं. वडिलांवर नसतं, आणि संध्याकाळी ते वाढतं. चेंडू कण्हत नाही. वडील उचलल्याने पोटाचा कोअर सुधारतो, असा एकही व्हिडिओ उपलब्ध नाही.

(लहानपणी वडील यांना खांद्यावर घेऊन बाजारभर हिंडत. तेही वॉर्मअप न करता. कंबर तेव्हाच गेली असणार, असं चिरंजीव हळहळून सांगतात.)

दुसरा सेट.

"अहो, घसरतायत!"

"गुडघ्यात वाक! पाठ सरळ ठेव!" (मार्गदर्शन विनामूल्य.)

"राहू दे गं सूनबाई," वडील म्हणाले. "उगाच त्याच्या पोटाला ताण यायचा."

तिसरा सेट.

या क्षणी वडील अर्धे पलंगावर, अर्धे सुनेच्या हातांवर आहेत. खुर्ची वीतभर लांब आहे. ती पुढे ढकलायला एक माणूस हवा. त्याला कोअर असण्याची अट नाही. चिरंजीवांचं तोंड आता उजवीकडे वळलं आहे, म्हणजे दाराच्या विरुद्ध दिशेला.

तुम्ही तर रिकामेच होतात. पहिली हाक तुम्हीही ऐकलीत. पण जागचे हलला नाहीत. पुढे काय होतंय ते बघत, मध्ये एकदा हसून, इथवर आलात. एवढी चिकाटी असेल, तर तुमचंही पोट लवकरच सपाट होईल.