तीन कुलपांचं दार

"माझ्या घरात माझ्या परवानगीशिवाय वारासुद्धा शिरत नाही!" असं यामिलेत नावाची बाई ज्याला त्याला सांगायची. चोऱ्या-दरोड्यांच्या काराकास शहरात वाढलेली ती. कुलपं मोजल्याशिवाय तिचा डोळा लागत नसे. नवऱ्यामागून उरुग्वेतल्या ह्या टीचभर गावात येऊन सहा महिने झाले होते. पहिल्याच आठवड्यात तिने एवारिस्तो लोहाराकडून करून घेतलेलं तीन कुलपांचं गजांचं दार आणि गाडीच्या स्टिअरिंगला घातलेली साखळी बघायला शेजारच्या गावातून माणसं यायची. बाकी गाव? दारं सताड उघडी, गाड्यांच्या किल्ल्या गाड्यांतच!

मंगळवारी सकाळी यामिलेत पोरीचे लंगोट वाळत घालायला अंगणात गेली. वारा आला, आणि गजांचं दार धाडकन बंद! तिन्ही कुलपं आपोआप लागली. ह्याच सोयीसाठी तर तिने लोहाराचा जीव खाल्ला होता.

आत चौदा महिन्यांची इसामार. तिच्या तोंडात किल्ल्यांचा जुडगा. आणि स्वयंपाकघरात, खाली ठेवलेल्या शेगडीवर, काळ्या घेवड्याचं पातेलं रटरटत होतं.

"इसू, सोन्या, किल्ली दे आईला!"

इसू गोड हसली आणि पातेल्याच्या दिशेने रांगायला लागली.

यामिलेतने अशी किंकाळी फोडली की शेजारच्या नेलिदाआजी धावत आल्या.

"अगं, खिडकीतून जा!"

"खिडक्यांनाही गज आहेत, आजी!"

"मागचं दार?"

"विटा लावून बुजवलं!"

"पोरी, तुरुंगातही एवढं करत नाहीत गं!" म्हणत आजी रस्त्यावरच्या एका गाडीत बसल्या आणि भुर्रकन गेल्या.

यामिलेत गजांतून हात घालून येतील ती गाणी म्हणत राहिली. इसू थबकायची, टाळ्या वाजवायची. गाणं संपलं की पुन्हा शेगडीकडे! चार हात राहिले. दोन हात राहिले. यामिलेतचा आवाज फाटला.

तेवढ्यात आजी लोहाराला घेऊन आल्या. एवारिस्तोने कुलपांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बिजागऱ्यांच्या दोन खिळी बाहेरूनच बोटांनी उपसल्या आणि आख्खं दार बाजूला केलं!

यामिलेतने झेप घेऊन पोरीला उचललं, शेगडी बंद केली, आणि मग तिला कंठ फुटला.

"खिळी बाहेरून निघतात?"

"गोठ्याच्या फाटकाच्या निघतात तशाच. तुम्ही म्हणालात, आत कुणी शिरता कामा नये. मला वाटलं, आजींची गाय! गायीला कुठे खिळी काढता येतात? माणसांसाठी हवं होतं तर सांगायचं ना!"

"हे... कुणाकुणाला माहीत होतं?"

"सगळ्या गावाला," आजी म्हणाल्या. "माझीच गाय आगाऊ, म्हणून मी आपली शरमेने गप्प!"

"आणि आत्ता गाडी कुणाची आणलीत?"

"कोण जाणे! किल्ली होती आत."

यामिलेत पोरीला छातीशी धरून उंबऱ्यावरच बसली. सहा महिने! आख्ख्या गावाला ठाऊक होतं की तिचं दार दोन बोटांनी निघतं, आणि कुणी एक बोटही लावलं नव्हतं. समोरची उघडी दारं ती आज पहिल्यांदाच बघत होती.

"दार परत बसवू का?" एवारिस्तोने विचारलं.

यामिलेतने अंगणात पाहिलं. आजींची गाय दोरीवरचा लंगोट शांतपणे चघळत होती.

"बसवा," ती हळूच म्हणाली. "कुलपं काढून टाका. खिळी तेवढ्या नीट घाला."