सहाव्या क्रमांकाचा कागद

ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात. मी म्हणतो, लपवावं! अवश्य लपवावं! आणि वर चेहरा असा करावा की आपल्याला ताक सोसतच नाही, आपण सहज वारा खायला आलोय. ताक आपोआप पुढ्यात येतं. बावीस वर्षांचा अनुभव आहे माझा.

अनुभव कसला, तर जुन्या ऑलिंपिकच्या वस्तू जमवण्याचा. तसा मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत पाइपलाइनचे नकाशे सांभाळतो. कुठल्या रस्त्याखालून कुठला पाइप गेलाय हे मला विचारल्याशिवाय कुणाला फावडं मारता येत नाही. पण ते पोटासाठी. जीव अडकलाय तो घरातल्या काचेच्या पेटीत! एकतीस बिल्ले, चार तिकिटं, एका पंचाच्या दंडावरची पट्टी, एका सायकलपटूच्या पाठीवरचा कापडी नंबर. हे सगळं मी एकाच युक्तीने मिळवलं. हव्या त्या वस्तूकडे बघायचंच नाही! तुम्ही बघितलंत की मालकाचं त्या वस्तूवरचं निजलेलं प्रेम खडबडून जागं होतं. मग ती वस्तू त्याच्या आजोबांची होते, त्याच्या लाडक्या आत्याची होते आणि तुमच्या हातून जाते. म्हणून दुसऱ्याच कशाचं तरी कौतुक करायचं आणि उठता उठता म्हणायचं, "हे काय पडलंय? नको असेल तर नेतो."

माझ्या पेटीत दोनच गोष्टी नव्हत्या. एक पदक आणि एक डिप्लोमा. सोन्याचांदीच्या पदकावर माझा डोळा नव्हता हो, आपली पायरी मी ओळखून आहे! पण ऑलिंपिकला गेलेल्या प्रत्येक खेळाडूला आठवण म्हणून एक साधं पदक मिळतं. आणि पहिल्या काही जणांना नाव आणि क्रमांक घातलेला डिप्लोमा. त्या जुन्या काळी तो पहिल्या सहांनाच मिळायचा. सातव्याला फक्त घामाचा रुमाल.

एके दिवशी आमचा वायरमन पंखा दुरुस्त करायला आला. स्टुलावर चढून वर तोंड करून बोलणं ही त्याची सवय, त्यामुळे त्याच्या सगळ्या बातम्या छताला आधी कळतात.

"साहेब, तुमच्या पेटीतली ती पाच वर्तुळं आहेत ना, तसलाच कागद मी एका बाईंच्या भिंतीवर बघितला. फ्रेममध्ये. खाली सहा आकडा. बाई भाला फेकायच्या म्हणे!"

मी स्टूल धरलं होतं. ते सुटलं. वायरमन पंख्याला लोंबकळला, पण पंखा मजबूत होता.

"कुठे राहतात? विकणार आहेत?"

"विकतात कसल्या! भाचीकडे राहायला चालल्यात, घर आवरतायत. ज्याला जे आवडेल ते देऊन टाकतायत. आधी मला खाली घ्या!"

दुसऱ्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून निघालो. बायको शिवणकामाचे वर्ग घेते. मान वर न करता म्हणाली, "सरळ जा, सरळ सांगा, मला तुमचा डिप्लोमा फार आवडेल, जपून ठेवीन म्हणून."

"तू शर्टाला काजं कर," मी म्हणालो. "खरेदी हे शास्त्र आहे!"

बाईंनी स्वतःच दार उघडलं. सगळे त्यांना मावशी म्हणत. वय एक्याऐंशी. उंची माझ्यापेक्षा वीतभर जास्त, आणि खांदे असे की दार आपणहून बाजूला व्हावं. त्यांनी हात मिळवला. माझी चार बोटं जुडीसारखी एकत्र झाली.

आत पाऊल टाकलं आणि समोरच, टेलिफोनच्या वर, तो होता! पिवळसर कागद, वर पाच वर्तुळं, खाली काळ्या शाईत वळणदार अक्षरात मावशींचं नाव. मी ताबडतोब त्याच्याकडे पाठ केली.

पाठ केल्यावर समोर जे आलं ते एक कपाट होतं. कपाट कसलं, छोटी इमारत! शिसवी रंगाचं, सात फुटी, वर नक्षीचा मुकुट, एक दार तिरकं. इतकं कुरूप कपाट मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"वा!" मी म्हणालो. "काय कपाट आहे हो मावशी!"

"हे?" त्या चकित झाल्या. "दार लागत नाही त्याचं."

"त्यातच तर गंमत आहे! दार लागणारी कपाटं काय, कुठेही मिळतात!"

"मागे भोक आहे."

"हवा खेळती राहते!"

मावशींनी मला नीट न्याहाळलं. मग चहा आणला आणि खुर्चीत बसत म्हणाल्या, "वायरमन म्हणत होता, तुला खेळाची आवड आहे."

सावध! मी मनात म्हणालो. "मला? छे हो! मी समोरची बससुद्धा पळून पकडत नाही. जाऊ देतो."

"हो का?" त्यांनी शेजारच्या टेबलावरची एक लहानशी डबी उचलली. "मी जरा फेकायचे. हे बघ, तिथे दिलेलं पदक..."

डबी अर्धी उघडली होती. आतला ब्राँझचा तपकिरी काठ मला दिसला. बावीस वर्षं जो काठ मी पुस्तकांतल्या फोटोंत बघितला तो! पण शास्त्र म्हणजे शास्त्र.

"राहू द्या मावशी," मी हसत म्हणालो. "मला त्यातलं काही कळत नाही. कपाटाला आतून किती फळ्या आहेत?"

त्यांनी डबी मिटली. अगदी हळू मिटली. "चार," त्या म्हणाल्या. आणि डबी टेबलावर ठेवत, "घेऊन जा कपाट. पैसे नकोत. त्याला चांगलं म्हणणारा तू पहिलाच. माझे यजमानसुद्धा त्याला शिव्या देतच गेले."

मी घरी उड्या मारत आलो. बायकोला सगळं सांगितलं. आता रविवारी कपाट न्यायला जायचं आणि निघताना सहज त्या फ्रेमचा विषय काढायचा!

"म्हणजे ते कपाट खरंच येणार?" बायकोने विचारलं.

"येईल, मग देऊन टाकू कुणाला तरी."

"कुणाला?"

हा प्रश्न मला तोवर सुचलाच नव्हता.

रविवारी बायको माझ्याबरोबर आली, ती कपाट आमच्या दारातून जाईल का हे मोजायला. तिची टेप तिच्या पर्समध्येच असते. हमाल चौघे होते. त्यांनी कपाट बघितलं, एकमेकांकडे बघितलं, आणि त्यातला सगळ्यात थोरला माझ्याकडे अशा नजरेने बघू लागला की जणू मी त्याच्या घरात चोरी केलीय.

बायकोने मोजमाप घेतलं. "दोन बोटं जास्त आहे," ती म्हणाली. मी ऐकलंच नाही. माझं सगळं लक्ष पाठीमागच्या भिंतीकडे होतं. आता वेळ आली होती! आवाज शक्य तितका आळसावलेला करून मी म्हणालो, "मावशी, तो भिंतीवर कसला कागद आहे? नको असेल तर द्या. कपाटाला मागे भोक आहे ना, त्यावर ठोकायला होईल."

हमालसुद्धा थांबले.

मावशी नुसत्या त्या कागदाकडे बघत राहिल्या. एवढे मोठे खांदे, पण त्या क्षणी खाली आल्यासारखे वाटले. वाटलं, जीभ हासडून टाकावी! पण जिभेचं असं आहे की ती हासडायच्या आधी काम उरकून मोकळी झालेली असते.

बायकोने टेप गुंडाळली. ती माझ्याकडे न बघता मावशींच्या शेजारी जाऊन बसली.

"मावशी," ती म्हणाली, "भाला हातातून सुटला तेव्हा तुम्हाला कळलं होतं? की हा चांगला पडणार म्हणून?"

मावशींनी मान वर केली. "कळलं होतं," त्या म्हणाल्या. "अगं, हे मला आजवर कुणी विचारलंच नाही! घरी परत आले तर सगळे म्हणाले, पदक कुठंय? सहावी म्हणजे हरलीच की! पण शेवटची फेक होती. तोवर मी आठवी होते. बुटाचा एक खिळा तुटलेला. पळत आले, आणि हातातून सुटला ना, तेव्हा आवाजच झाला नाही. वाईट फेक असली की भाला थरथरतो, फडफडतो. हा नुसता गेला. मी तो पडायची वाटसुद्धा बघितली नाही, वळून बूट काढायला बसले."

"आणि सातवी?"

"सातवी माझ्यामागे चार बोटं होती. चारच बोटं! माझ्या शेजारी बसून रडली. तिला कागद नाही, काही नाही. मी तिला माझे मोजे दिले, दुसरं काही नव्हतंच जवळ. पुढे एकेचाळीस वर्षं आम्ही पत्रं लिहिली."

थोरल्या हमालाने डोक्यावरचा फडका काढून हातात घेतला. मी कपाटाच्या आडोशाला उभा होतो.

मावशी उठल्या, फ्रेम भिंतीवरून काढली आणि बायकोच्या मांडीवर ठेवली. "हे तुला. भाचीच्या घरी भिंती कमी आणि टीव्ही मोठा."

आता मात्र माझा बांध फुटला! "मावशी! अहो, मी यासाठीच आलो होतो! मला कपाट नकोच होतं! बावीस वर्षं जमवतोय मी! हा डिप्लोमा पहिल्या सहांनाच मिळायचा, ही सही अध्यक्षांची, हा कागद..."

मावशींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. खांदा खाली गेला. "असू दे रे," त्या प्रेमाने म्हणाल्या. "मघाशी बोलून गेलास म्हणून आता मला बरं वाटावं यासाठी कशाला खटाटोप करतोस? मनाचा चांगला आहेस. एकेकाला नसते खेळाची आवड."

"तू सांग ना!" मी बायकोकडे वळलो.

बायकोने फ्रेमची काच पदराने पुसली. "अहो, तुम्हाला कपाट आवडलं होतं ना? मग?"

"निदान ते पदक..." मी पुटपुटलो.

"ते ना, परवाच वायरमनला दिलं. बटण बसवायला आला होता. म्हणाला, मावशी, जरा हातात धरू का? धरलं, आणि पोराचे डोळेच भरून आले. मग परत कशाला घ्यायचं?"

पुढचं कपाटाचं थोडक्यात सांगतो, कारण त्याबद्दल आमच्या इमारतीत अजून बोलणं निघतं. बायकोची दोन बोटं आमच्या दारापर्यंत पोचलीच नाहीत. कपाट त्याआधीच दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकलं. अडकलं म्हणजे वर नाही, खाली नाही, आणि नेमकं दंतवैद्यांच्या दाराला टेकून! आतून त्यांचा आवाज आला, "कोण आहे? मला दवाखान्यात जायचंय! एक जण तोंड उघडून बसलाय!"

हमालांनी ओढलं, ढकललं, देवाचं नाव घेतलं, माझं नाव घेतलं. शेवटी थोरला म्हणाला, "साहेब, मागची फळी तशी फुटकीच आहे. काढू?" त्यांनी कपाटाची पाठ काढली, पुढची दारं उघडली, फळ्या उपसल्या. आणि दंतवैद्य, हातात बॅग, गळ्यात टाय, कपाटातून वाकून बाहेर आले! जिन्यात शेजारीपाजारी जमले होते. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. दंतवैद्यांनी मला एवढंच विचारलं, "तुमची दाढ दुखते म्हणाला होतात ना? या. जरूर या." त्या आवाजाने माझी दाढ जागच्या जागी बरी झाली.

संध्याकाळपर्यंत कपाटाच्या फळ्याफळ्या सुट्या करून वर आणल्या. त्यांचं बायकोने शिवणवर्गासाठी कापायचं टेबल करून घेतलं. छान झालंय. डिप्लोमा त्या टेबलाच्या वर लागलाय. माझ्या पेटीत नाही, तिच्या वर्गात! दर गुरुवारी मावशी येतात, मुलींना त्या फेकीची गोष्ट सांगतात, आणि मी दारात उभा राहून ऐकतो. मला आत खुर्ची नाही. मावशी म्हणतात, "त्याला कशाला कंटाळा आणता, जाऊ दे त्याला."

मला धडा मिळाला, हे मी मान्य करतो. मी बदललो. गेल्या महिन्यात थेट वायरमनकडे गेलो. इकडे बघणं नाही, तिकडे बघणं नाही. त्याच्या समोर उभा राहिलो आणि म्हणालो, "मला ते पदक हवंय. मनापासून हवंय. जिवापाड जपेन."

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. त्याच्या हत्यारांच्या पिशवीतून, स्क्रूड्रायव्हर आणि टेपच्या गुंडाळीच्या मधून, त्याने ते काढलं. पिशवीतून! मखमल नाही, डबी नाही! माझ्या अंगावर काटा आला.

"धरा," तो म्हणाला.

मी धरलं. वजनदार होतं. उन्हातल्या पिशवीत राहून कोमट झालं होतं. किती वेळ धरून उभा होतो कोण जाणे. डोळ्यांत पाणी आलं, आणि मला वाटलं, आता हा विरघळणार! मावशींनी नाही का त्याला देऊन टाकलं?

"बघून झालं, साहेब?" वायरमन म्हणाला.

"झालं," मी म्हणालो.

"मग आणा इकडे. मलाही मनापासून हवंय."

सरळ विचारलं की सरळ उत्तर मिळतं, एवढं मला पटलंय. ते उत्तर 'नाही' असू शकतं, हे मात्र बायकोने आधी सांगायला हवं होतं!