खलबतखाना व तालीमखाना येथील दिव्यांची हकीकत

श्री. तिमिर हरो, दृष्टी राहो, वाचणारांचे कल्याण असो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, एका राज्याने आपली जुनी कचेरी सोडून सात मजल्यांची काचेची नवी कचेरी उभारिली, आणि तेथे मसलतीचा खलबतखाना व शिकवणुकीचा तालीमखाना ऐसी दोन दालने काढिली, आणि त्यांतील दिव्यांवरून जो कलह माजला आणि तो ज्या रीतीने मिटला, ते वर्तमान लिहून ठेवावे ऐसे चार शहाण्यांचे मनास आले, म्हणोन लिहिले आहे. राज्याचे नाव पुसू नये. जो पुसेल त्यास ते आपलेच वाटेल आणि उगाच रुसवा होईल.

राज्याचे धनी श्रीमंत भगवंतराव, ज्यांस लहानथोर सर्व साहेब म्हणत. पुरुष कर्तबगार, बोलणे थोडे, आणि धाक ऐसा की खलबतखान्यात ते बसले असता बाजूचे लोक खोकला आला तरी गिळून टाकीत. कारभार त्रिंबकपंत मिरीकर यांजकडे. पंत मोठे हुशार, मानपानाचे पक्के जाणकार, कोणाचे आधी कोणास चहा द्यावा हे त्यांजवाचून कोणास ठाऊक नसे. त्या राज्यात चाल ऐसी की, दिवा म्हणजे मान. साहेबांचे नेमके टाळूवर सात दिवे, पंतांचे मस्तकी पाच, सरदारांस दोन-दोन, आणि टेबलाच्या शेपटीस बसणारांस जो काही उजेड वाट चुकून येईल तो. कोणास बढती जाहली म्हणजे वायरमन शिडी घेऊन येत आणि त्याचे मस्तकी एक दिवा वाढवीत, आणि मग त्याचे घरी पेढे वाटले जात. नव्या कचेरीतही हीच चाल चालवावी, किंबहुना वाढवावी, ऐसा नकाशा पंतांनी आपले हाते सिद्ध केला.

आता दिव्यांचे खाते द्वारकाबाई हसबनीस यांजकडे होते. बावीस वर्षे चाकरी, वय पन्नासाचे पुढे, अंगकाठी किरकोळ, आवाज मात्र तीन खोल्या पलीकडे जाणारा. बाईंस पंतांचा हुकूम आला की, नकाशा सिद्ध आहे, तुम्ही तारा ओढाव्या आणि दिवे टांगावे, विचार करण्याची तसदी घेऊ नये. बाईंनी नकाशा पाहिला आणि तो तैसाच गुंडाळून बाजूस ठेविला, कारण की त्यांचे मनात चौतीस कारकून होते.

ते चौतीस ऐसे की, राज्याने दफ्तर सारे संगणकावर न्यावयाचे ठरविले आणि जुन्या कारकुनांस ती विद्या तालीमखान्यात शिकविली. परीक्षा दोन वेळा जाहली आणि दोन्ही वेळा हे चौतीस गडी आपटले. पंतांनी शेरा मारिला की, यांची बुद्धी जून जाहली, आता तिसरी परीक्षा पौषात नव्या तालीमखान्यात घ्यावी आणि जो आपटेल त्यास घरी बसवावे. शेऱ्यावर साहेबांची सही जाहली. कोणी काही बोलिले नाही, कारण की तेथे कोणी कधीच काही बोलत नसे.

बाईंस हे खरे वाटेना. म्हणोन त्या एके दिवशी जुन्या तालीमखान्यात गेल्या आणि सर्वांचे मागील बाकावर जाऊन बसल्या. शेजारी रामाजी उदगीरकर, चौतिसांत सर्वांत वडील, दफ्तराचे चाळीस वर्षांचे सारे रुमाल, म्हणजे कागदांचे गठ्ठे, ज्यांस तोंडपाठ. गुरुजी पुढे उभे राहिले, त्यांचे मस्तकी नऊ दिवे, आणि त्याच नऊ दिव्यांचा झोत त्यांचे पाठीमागील भिंतीवर. मग यंत्रातून भिंतीवर अक्षरे पाडिली, तो अक्षरे पिठात पीठ मिसळावे तैसी नाहीशी जाहली. गुरुजींनी दिवे मालविले. बटण साऱ्या दालनास एकच, म्हणोन सारेच मालवले, आणि मग अक्षरे दिसू लागली परंतु पुढ्यातली वही दिसेना. पुन्हा लाविले, तो बाकांचे पाठीमागील दिव्याने प्रत्येकाच्या स्वतःच्या हाताची सावली वहीवर पडली, आणि पश्चिमेच्या खिडकीचे ऊन संगणकाच्या काचेवर नाचू लागले. बाईंनी हळूच पुसले, "रामाजीकाका, तुम्हांस काय दिसते?" रामाजी बोलिले, "माझ्या चष्म्यात खिडकी दिसते, बाई. खिडकी फार सुरेख आहे." बाईंस हसू आले, आणि मग हसू गेले आणि संताप आला. दोन वर्षे ही माणसे घरी जाऊन बायकामुलांस सांगत होती की आम्हांस डोके नाही.

मग बाई तडक पंतांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "पंत, नव्या नकाशातही ज्या भिंतीवर अक्षरे पाडायची, तिच्यावरच नऊ दिवे कसे पाडता?" पंत म्हणाले, "गुरूचा मान राखायला नको?" बाई म्हणाल्या, "गुरू लखलखाटात आणि शिष्य काळोखात. मग परीक्षा गुरूचीच घ्या." पंतांनी नाक मुरडिले आणि म्हणाले, "बाई, आपण दिवे टांगा." तेव्हा बाईंनी पंतांस ओलांडून थेट साहेबांचे नावे अर्ज लिहिला. कचेरीत हाहाकार जाहला. सारे म्हणो लागले की बाईंचे ग्रह फिरले. परंतु बाईंचा स्वभाव ऐसा की एकदा पदर खोचला म्हणजे मग मागे पाहणे नाही. अर्ज मंजूर होऊन मसलतीचा दिवस नेमिला.

त्या दिवशी बाई जुन्या कचेरीतील खलबतखान्यात गेल्या, आणि हाती तीन पायांच्या दांडीवरचा कामगारी दिवा घेऊन गेल्या. बावीस वर्षांत त्या दालनाचे दिवे त्यांनी शंभर वेळा बदलिले होते, परंतु दालन भरले असता त्यांचा प्रवेश प्रथमच. पाहतात तो साहेब मध्यभागी बसलेले, टाळूवर सात दिवे जळत आहेत, डोळ्यांचे जागी दोन खळगे, नाकाची सावली मिशीवर उतरून ओठ वाकडे, कपाळाची एकेक आठी दोरखंडाएवढी जाड. बाई दाराकडे दोन पावले मागे सरल्या. परंतु सरता सरता त्यांच्यातील कसबी माणूस जागा जाहला, आणि त्यांनी मनाशी म्हटले की, हा राग नव्हे, ही तर सावली. आणि हे कळताच बाईंस ऐसा धीर आला की पुढील सारे त्यांनी सणाची रांगोळी काढावी तैसे सहज केले.

बाई म्हणाल्या, "साहेब, अर्जाआधी एक विनंती. आपल्या टाळूवरचे सात दिवे थोडा वेळ मालवू द्यावे." पंत उठून म्हणाले, "साहेबांचा दिवा मालवता?" साहेब म्हणाले, "मालवू द्या." बाईंनी सात मालविले, पंतांचे पाच मालविले, सरदारांचे दोन-दोन मालविले, आणि आपला दिवा लावून त्याचे तोंड माणसांकडे न करिता पांढऱ्या भिंतीकडे केले. उजेड भिंतीस लागून परतला आणि साऱ्या दालनावर सारखा पसरला. आणि मग सर्वांनी साहेबांकडे पाहिले. गाल गुबगुबीत, भुवया काळजीने वर गेलेल्या, डोळे निवळ, लेकीच्या सासरी प्रथमच गेलेला बाप बसावा तैसे अवघडून बसलेले. बारा वर्षे ज्या मुद्रेस भिऊन लोकांनी तोंडास कुलूप घातले, ती मुद्रा तेथे नव्हतीच.

तिकडे साहेबही पाहत होते. झोताखाली बसणारास झोताबाहेरील काही दिसत नाही, हे दिवेवाल्यांस ठाऊक, धन्यांस ठाऊक नाही. साहेबांनी टेबलाच्या शेपटीकडे बोट करून पुसले, "हे कोण?" ते गृहस्थ उभे राहून म्हणाले, "मी सदोबा, साहेब. दफ्तराचा शिरस्तेदार. बारा वर्षे इथेच बसतो." साहेब म्हणाले, "मग बोलत का नाही?" सदोबा म्हणाले, "आपण सदैव रागावलेले, साहेब. भीतीच वाटायची." साहेब म्हणाले, "आणि मी समजत होतो की तुम्हां सर्वांस मी नकोसा आहे." हे ऐकोन दोघा सरदारांनी मान खाली घातली, आणि एकाने, जो पन्नाशीचा होता, रुमालाने नाक पुसले.

मग बाईंनी अर्ज सांगितला. चौतीस माणसे डोक्याने नापास नाहीत, दिव्याने नापास आहेत, ऐसे स्पष्ट म्हटले. पंत म्हणाले, "आणि आपल्या दिव्यांतही आपटले तर?" बाई म्हणाल्या, "चौतिसांतून तीस उतरले नाहीत, तर त्यांच्या आधी मी घरी जाईन. लिहून घ्या." पंतांनी खरोखरीच लिहून घेतले. साहेबांनी हुकूम केला की, दोन्ही दालनांचे दिवे बाई म्हणतील तैसे व्हावे, आणि पौष वद्यात परीक्षा व्हावी, आणि जो आपटेल त्यास निरोप कागदाने न जाता आपण स्वतः समोर बसवून देऊ, तोंड पाहून देऊ.

मग महिनाभर बाईंनी नव्या कचेरीत ऐसे काम मांडिले की वायरमन मंडळींस जेवावयास उसंत नाही. तालीमखान्यात अक्षरांच्या भिंतीजवळील दिव्यांची ओळ वेगळी केली आणि तिचे बटण वेगळे. बाकांवर दुधी काचेआडून सारखा उजेड, ऐसा की हाताची सावली वहीवर पडू नये. गुरुजींस टाळूवरील नऊ काढून बाजूने दोन दिले, म्हणजे त्यांचे ओठ मागील बाकापर्यंत दिसावे. पश्चिमेस पडदे. दारापाशी तीन बटणे, ऐकावयाचे एक, पाहावयाचे एक, लिहावयाचे एक, आणि गुरुजींस ती आठ दिवस गिरवावयास लाविली. खलबतखान्यात कोणाचेही टाळूवर दिवा ठेविला नाही, टेबलावर सारखा, भिंतींवर सारखा, आणि उजेड चढवावयास उतरवावयास एक फिरकी. सरदारांत रुसवेफुगवे बहुत जाहले. एकाने दोन दिवे गेले म्हणोन तीन दिवस डबा उघडिला नाही, चौथे दिवशी भूक लागली तेव्हा उघडिला.

परीक्षा जाहली. बाई दाराबाहेर उभ्या होत्या, आणि आत जाऊन एखादे बटण आपणच दाबावे ऐसे त्यांस दहा वेळा वाटले, परंतु हात पाठीशी बांधून उभ्या राहिल्या. निकाल लागला. चौतिसांतून बत्तीस उतरले. बाईंस इतका आनंद जाहला की त्या पंतांसही पेढा देऊन आल्या, आणि पंतांनी तो मुकाट्याने खाल्ला. उरले दोन. एक धोंडोपंत, जे परीक्षेत निजले, आणि त्यांस कोणताही दिवा उपयोगी नव्हता. त्यांनी आपण होऊन रजा मागितली. दुसरे रामाजी उदगीरकर. बाईंनी उरलेले पेढे झाकून ठेविले.

मग साहेबांनी शब्दाप्रमाणे रामाजींस खलबतखान्यात बोलाविले. सारे सरदार बसलेले, पंत फिरकीपाशी, बाई भिंतीशी उभ्या. साहेबांनी पुसले, "रामाजी, दिसले नाही काय?" रामाजी म्हणाले, "सगळे दिसले, साहेब. लख्ख दिसले. बोटे चालली नाहीत. दोन वेळा आपटलो तेव्हा माझे डोके गेले की काय, हे मलाच कळेना. रात्रंदिवस तोच घोर. आता कळले, डोके जागेवर आहे, बोटे म्हातारी झाली. द्वारकाबाईंचे उपकार आहेत. मी सुखाने जातो." ऐसे बोलून म्हाताऱ्याने हात जोडिले आणि साहेबांचे मुखाकडे नीट पाहात उभा राहिला.

साहेबांनी निरोपाचा कागद उचलिला. पहिली ओळ वाचिली, आणि दुसरीपाशी थांबले. डोळे भरून आले, आणि त्या सारख्या उजेडात ते लपावयास कोठे खळगा नव्हता, कोठे सावली नव्हती. सरदारांनी पाहिले, सदोबांनी पाहिले, रामाजींनी पाहिले. धन्याची ऐसी उघडी मुद्रा लोकांनी पाहावी हे पंतांस सोसवेना. त्यांनी फिरकीवर हात ठेविला आणि हळूच पुसले, "साहेब, उजेड थोडा उतरवू?"

साहेब म्हणाले, "नको, पंत. राहू द्या. तोंड पाहून निरोप देईन म्हटले होते. तोंड पाहिले. आता निरोप देववत नाही." आणि कागद फाडिला. रामाजी म्हणाले, "साहेब, दया नको." साहेब डोळे न पुसताच म्हणाले, "दया कसली? चाळीस वर्षांचे रुमाल तुमच्या डोक्यात. ते यंत्रात घालायचे तर बोटे बत्तीस जणांची आहेत, सांगणारा एकही नाही. उद्यापासून तुम्ही सांगा, ते लिहितील."

येणेप्रमाणे चौतिसांतून तेहतीस राहिले, धोंडोपंत घरी गेले, बाईंनी लिहून दिलेला कागद पंतांनी परत केला. साहेबांचा धाक त्या दिवसापासून निम्मा जाहला आणि मसलती दुप्पट लांबल्या, कारण की आता सारेच बोलतात. इतके वर्तमान घडले तैसे लिहिले आहे. अधिक उणे असेल ते वाचणाराने चांगल्या उजेडात बसून सुधारून घ्यावे.