वेग, भरवसा आणि नारळाच्या वड्या

नवा राउटर घ्यायला हवा, एवढंच संचिता जेवताना म्हणाली आणि तिच्यावर तीन प्रश्न एकदम आले.

"केवढ्याला?" बाबांनी विचारलं.

"स्पीड किती?" धाकट्या संदेशने विचारलं.

"पुसायला सोपा आहे ना?" आईने विचारलं. आत्ताच्या राउटरच्या दोन शिंगांमधली धूळ निघत नाही, ही तिची जुनी तक्रार होती.

चौथा प्रश्न संचिताचा स्वतःचा होता आणि तो ती मोठ्याने विचारत नव्हती. गुरुवारी दुपारी नेट गेलं तर? गुरुवारी तिची मुलाखत होती. कोलशेतच्या एका कंपनीत मोजमापाची उपकरणं तपासण्याची प्रयोगशाळा होती. फिजिक्समध्ये एम.एस्सी. झाल्यापासून ती ज्या कामाची वाट बघत होती, अगदी तेच काम. याआधीची एक मुलाखत कोपरच्या या घरातल्या नेटने गिळली होती. ती उत्साहाने उत्तर देत राहिली आणि पलीकडच्यांना तिचं उघडं तोंड आणि हवेत थांबलेला एक हात एवढंच दिसत राहिलं. त्यांनी नंतर 'तांत्रिक कारणास्तव' असं कळवलं होतं.

"कोलशेत काय अमेरिकेत आहे?" बाबा म्हणाले. "जाऊन ये ना सरळ."

"पहिली फेरी ऑनलाइनच असते, बाबा. नियम आहे त्यांचा."

"ताई, गेमिंगवाला घे," संदेश म्हणाला. "आठ अँटेना. दिसायला पण एकदम खतरनाक."

"घरात घाबरवायचंय कोणाला?" बाबा म्हणाले. "सगळ्यात स्वस्त घ्या. शेवटी दिवेच लागतात ना सगळ्यांचे?"

दुसरं कोणी असतं तर दुकानदाराला विचारून मोकळं झालं असतं. संचिताला ते पटेना. खोक्यावर छापलेला वेग म्हणजे गाडीच्या काट्यावरचा शेवटचा आकडा. डोंबिवलीच्या रस्त्यावर तो काटा तिथवर कधी गेलाय? तिला या घरातला, या भिंतींमधला, आईच्या फ्रिजच्या आडचा वेग हवा होता. त्यासाठी महागडा आणि स्वस्त असे दोन्ही राउटर घरात लावून बघायला हवे होते. दुकानदार तसे देत नव्हता. शेजारी देत होते.

बुधवारी सकाळी ती तळमजल्यावर काळुराम पाटलांकडे गेली. इमारत जिथे उभी होती ती जमीन एकेकाळी त्यांच्या वडिलांची भातशेती होती. त्यांच्या मुलाने सहा अँटेनांचा महागडा राउटर आणून लावला होता.

"ने गो पोरी," काळुराम म्हणाले. "त्यो खेकरा मना काय कलत नाय. चावत नाय, एवरा मना माहीत हाय."

वरच्या मजल्यावरच्या सुमती काकूंचा राउटर स्वस्तातला होता आणि पिवळा पडला होता, पण काकूंची मालिका त्याने आजवर कधी अडवली नव्हती.

"ने, पण सातच्या आत आण हं," काकू म्हणाल्या. "आज मालिकेत साखरपुडा आहे."

संचिताने दोन्ही राउटरमध्ये आपल्या लाइनचं नाव आणि पासवर्ड भरला, केबलवाल्या हर्षितला फोन करून तशी परवानगीही घेतली, आणि दिवसभर लॅपटॉप कडेवर घेऊन घरभर फिरली. बैठकीच्या खोलीत खेकडा सगळ्यांच्या पुढे धावला. स्वयंपाकघराच्या दाराशी मात्र तो फ्रिज बघून बिचकला. काकूंचा राउटर सगळीकडे सारख्याच संथ गतीने, पण न थांबता चालला. आणि आपला जुना राउटर टीव्हीच्या मागून काढून मधल्या कपाटावर ठेवला, तर तोही बराच शहाण्यासारखा वागायला लागला. संध्याकाळी तिला उत्तर सापडलं. खेकडा नको आणि सगळ्यात स्वस्तही नको. मध्यम वेगाचा घ्यायचा, जरा बऱ्या हमीचा, आणि कपाटावर ठेवायचा. जुना राउटर परत जोडून, किमती बघायला ती लगेच बाजारात गेली. परत आल्यावर शेजाऱ्यांचे राउटर होते तसे करून द्यायचे, असं तिने मनात ठरवलं होतं. ते मनातच राहिलं.

ती परत आली तेव्हा टेबल स्वच्छ होतं.

"आई, राउटर कुठे गेले?"

"दिले ना नेऊन. पावणेसात झाले होते. सुमतीताईंची मालिका नाही का?" आई म्हणाली. "छान पुसून दिले. आणि रिकाम्या हाती कशी जाऊ? दोघांकडे नारळाच्या वड्या दिल्या. वस्तू आणलेली तशीच परत करू नये."

"आई, ती तशीच परत करायची होती गं!"

तोपर्यंत वर काकूंनी आणि खाली काळुरामांनी आपापले राउटर लावले होते. दोन्ही राउटर प्रामाणिकपणे आपलं नाव 'संचिता' असंच सांगत होते. घरातला जुना राउटरही तेच सांगत होता. एकच गिऱ्हाईक एकाच वेळी तीन घरांतून आत यायला बघतंय, हे पाहून केबल कंपनीच्या यंत्रणेने जे करायचं ते केलं.

"ताई, चोरी पकडलीये," हर्षित फोनवर म्हणाला. त्याच्या आवाजात थोडा अभिमान होता.

"हर्षित, ती चोर मीच आहे. मी सांगितलेलं ना तुला?"

"ते मला माहितीये हो. सिस्टिमला कुठे माहितीये? तिन्ही लाइनी बंद केल्यात तिने. आता वरून परवानगी आल्याशिवाय उघडत नाही. उद्या संध्याकाळी नक्की."

"माझा इंटरव्ह्यू उद्या दुपारी आहे!"

"मग परवा ठेवा ना," हर्षितने सुचवलं.

सुमती काकू खाली आल्या. एका हातात वडीचा रिकामा डबा होता. "अगं, अंगठी घालायला हात पुढे केला आणि चक्री फिरायला लागली! घातली की नाही?"

मोबाइलचं नेट त्या इमारतीत फक्त जिन्याच्या खिडकीपाशी यायचं. गुरुवारी सकाळी संचिताने तिथे खुर्ची मांडली, मागच्या भिंतीवर आईची बरी चादर लावली, आणि इस्त्रीचा कुर्ता घालून लॅपटॉप उघडला. पण त्या खिडकीची गरज तिला एकटीलाच नव्हती. पायरीवर काकू बसल्या, कालचा साखरपुडा बघत. त्यांच्याखाली संदेश, 'फक्त एक मॅच' म्हणत. सर्वांत खाली काळुराम, बांधकामावरच्या कॅमेऱ्यात आपण पुरवलेली वाळू शोधत. मुलाखतीची रंगीत तालीम म्हणून संचिताने मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावला. मैत्रीण चौकोनाचौकोनांची दिसली आणि गेली. तेवढ्यात गॅसवाला सिलिंडर घेऊन वर आला आणि चादर त्याच्याबरोबर दुसऱ्या मजल्यापर्यंत गेली.

संचिताने लॅपटॉप मिटला. तिचे डोळे भरून आले होते, पण इतक्या लोकांसमोर रडायला जागाच नव्हती.

"काय झाला गो?" काळुरामांनी विचारलं.

"काही नाही दादा. कोलशेतच्या कंपनीत इंटरव्ह्यू होता. आता नाही होणार."

"कोलशेत?" काळुराम उठून उभे राहिले. "आवशी, माजी सासुरवारी ती! चल, गारी हाय. मी सोरतो तुला."

"दादा, पण तो ऑनलाइन आहे."

"त्यांचे घरी नेट आसंल ना? त्यांचेच नेटवर दे." मग त्यांनी दारात आलेल्या आईकडे बघून मान हलवली. "तुमची वरी खाल्ली वैनी, आता नाय कसा बोलू?"

यात तर्काची चूक कुठे आहे, हे संचिता शिळफाट्यापर्यंत शोधत होती. सापडली नाही.

कंपनीच्या स्वागतकक्षात क्षिप्रा नावाची मुलगी बसली होती. तिने पडद्यावर नाव शोधलं.

"मॅडम, तुमचा इंटरव्ह्यू ऑनलाइन आहे."

"हो. म्हणूनच आले. आमच्याकडे नेट नाहीये."

क्षिप्राने थोडा विचार केला. "समोरासमोरचा पर्याय इथे दिसतच नाहीये. तुम्ही असं करा, त्या खोलीत बसा. आमचं वायफाय घ्या आणि लिंक उघडा."

खोलीच्या मधोमध काचेची भिंत होती. तिचा खालचा भाग दुधी होता आणि वर छतापाशी ती हातभर उघडी होती. संचिताने लिंक उघडली. पडद्यावर करड्या मिशांचे सावे सर आले. "नमस्कार. आवाज येतोय?"

आवाज दोनदा आला. आधी काचेवरून, मग जरा वेळाने लॅपटॉपमधून.

"येतोय सर," ती म्हणाली. दोन्ही मार्ग तिने आपोआप ताडून बघितले. काचेवरचा जास्त वेगाचा होता, फुकटचा होता, आणि अजून एकदाही अडकला नव्हता.

तिसऱ्या प्रश्नाला लॅपटॉपवरचे सर गोठले. डोळे अर्धवट मिटलेले, एक बोट वर. काचेवरचे सर मात्र बोलतच होते. "एखाद्या प्रयोगात तुमची झालेली चूक सांगा. हॅलो? हॅलो?"

"सांगते ना सर," संचिता काचेकडे बघून म्हणाली.

पलीकडे खुर्ची सरकली. दुधी भागाच्या वर आधी करडे केस आले, मग चष्मा.

"तुम्ही डोंबिवलीला आहात ना?"

"होते सर, सकाळपर्यंत."

सर दार उघडून आत आले आणि समोर बसले. संचिताने सगळं सांगितलं. खेकडा, फ्रिज, साखरपुडा, वड्या. सर हसले नाहीत, पण मिशा दोनदा हलल्या.

"मग चूक नक्की कोणाची? आईंची?"

"नाही सर. आईने तिला माहीत असलेल्या पद्धतीने वस्तू परत केल्या. माझी पद्धत माझ्या डोक्यातच होती. दुसऱ्याचं उपकरण घेतलं, बदललं, आणि 'हे अजून बदललेलं आहे' अशी साधी चिठ्ठीसुद्धा त्याच्यावर लावली नाही."

सर खुर्चीत पुढे सरकले. "आमच्याकडे लोक वजनं, काटे, थर्मामीटर आणून देतात. ते तपासायला शिकवता येतं. चिठ्ठीचं मात्र चूक झाल्याशिवाय कोणाला कळत नाही. तुमची झाली, ती तुमच्याच घरात झाली. आमचा खर्च वाचला." त्यांनी पुढे प्रयोगशाळेतले बरेच प्रश्न विचारले आणि शेवटी म्हणाले, "एक तारखेपासून या."

बाहेर गाडीत काळुराम सासुरवाडीची सुकी मच्छी घेऊन तिची वाट बघत होते.

त्याच आठवड्यात बाबांनी स्वतःहून राउटर आणला. मध्यम किमतीचा, मध्यम वेगाचा, संचिताने सांगितला तोच. संदेशने त्याला 'सरकारी' म्हटलं. आईने तो पुसून बघितला आणि तक्रार केली नाही, म्हणजे पसंत होता.

एक तारीख उलटली. नोकरीच्या तिसऱ्या दिवशी, नवं ओळखपत्र गळ्यात घालून संचिता वजनांची पेटी उघडत होती, तेवढ्यात तिला मेल आली. ती तिने दोनदा वाचली. सरांच्या खोलीच्या काचेच्या भिंतीपाशी जाऊन तिने टाचा उंचावल्या.

"सर, कंपनीची मेल आलीये. मी मुलाखत मध्येच सोडून गेले, म्हणून माझी निवड होऊ शकत नाही. पुढच्या वाटचालीसाठी शुभेच्छा दिल्यात."

"लिंक मध्येच तुटली की ती आपोआप जाते," पलीकडून सर म्हणाले. "आज आली?"

"आत्ताच."

"बघा, काय नेट आहे आपलं! तुम्ही पोचलात, काम सुरू केलंत, तेव्हा कुठे हिला जाग आली." खुर्ची करकरली. "असू दे. ती पेटी झाली की चहाला या."