शरणप्पाच्या स्कूटरपुढे

शरणप्पाची नवी स्कूटर गल्लीत शिरली तेव्हा वीरभद्रप्पा दुकानाकडे निघाले होते आणि शिरस्त्याप्रमाणे भर रस्त्याच्या मधून चालत होते. सोलापुरात कडेनं चालतो तो एक तर परगावचा असतो, नाहीतर आजारी.

स्कूटरला झेंडूचा हार होता, हँडलला हळदकुंकू होतं आणि वर शरणप्पा नवरदेवासारखा ताठ बसला होता. वीरभद्रप्पांचा तिळपापड झाला. दोघांनी एकाच दिवशी स्कूटरसाठी नंबर लावला होता. पण वाट बघून कंटाळलेल्या वीरभद्रप्पांनी "ही गाडी मिळंल ती नातवाला" म्हणत आपला नंबर सोडून दिला, आणि शरणप्पा चिकटून बसला. आता गल्लीतली पहिली स्कूटर त्याची, म्हणजे गल्लीतला पहिला मानही त्याचा. आजवर तो वीरभद्रप्पांचा होता.

"अण्णा, जरा सरका की!" हॉर्न वाजवत शरणप्पा ओरडला.

"कुटं सरकू? रस्ता काय तुझ्या गाडीसंगं फुकट मिळालाय व्हय?" मागे न बघता विचारून वीरभद्रप्पांनी चाल आणखी संथ केली. एका बाजूला विणकरांनी सुताचे ताणे लावले होते, दुसऱ्या बाजूला हातगाडे होते. शरणप्पाला बाजूनं काढायला जागाच नव्हती. आज सरकलो तर जन्मभर सरकावं लागेल, असं वीरभद्रप्पांच्या मनानं घेतलं होतं. चौकापर्यंत तरी हटायचं नाही!

मागे नबीसाबांचा टांगा अडकला, टांग्यामागे बैलगाडी आणि तिच्यामागे लग्न उरकून परतणारा बँड. मागे कुणीच हटेना. आमच्या गावात गाडी मागे घेणं म्हणजे नाक कापून घेणं.

"पुढं काय हाय?" बँडवाल्या इसूफनं विचारलं.

"नवी गाडी है, हार डाले सो," नबीसाब म्हणाले. "आगे अण्णा चल रहे."

"मग मिरवणूकच की!" म्हणून इसूफनं क्लॅरिनेट तोंडाला लावलं.

बँड ऐकून म्हातारी नागव्वा घागर घेऊन धावत आली आणि पालखीपुढच्या माणसाच्या पायांवर घालतात तसं तिनं वीरभद्रप्पांच्या पायांवर पाणी ओतलं. "लई मोठं मन तुमचं, अण्णा! दुसऱ्याच्या गाडीपुढं चालालाय!"

भिजलेल्या वहाणा घसरू लागल्या, म्हणून त्यांनी त्या काढून हातात घेतल्या. झालं! "अनवाणी हाय, अनवाणी! नवस केलाय वाटतं," गर्दीत एकच कुजबुज झाली आणि दारोदार घागरी निघाल्या. आता सरकावं तर जळफळाट उघडा पडणार, चालावं तर शरणप्पाचाच डंका वाजणार. वीरभद्रप्पा दात-ओठ खात चालत राहिले. चौकात त्यांना दुकानाकडे वळायचं होतं, पण कुणीतरी "हर्र बोला हर्र!" असा देवाचा गजर केला आणि लोकांनी त्यांना तसंच सिद्धेश्वराच्या देवळापर्यंत नेलं. तिथे त्यांच्याच हातात नारळ दिला. सगळा राग त्या नारळावर निघाला, आणि एका दणक्यात त्याची बरोबर दोन भकलं झाली.

"लई चांगला शकुन!" लोक म्हणाले. शरणप्पा डोळे पुसत पाया पडला. "अण्णा, मला वाटलं, तुमी जळताय माज्यावर."

"छे, छे!" वीरभद्रप्पा म्हणाले.

संध्याकाळी ते तापल्या रस्त्यानं पोळलेले पाय पाण्यात बुडवून बसले होते. गल्लीभर त्यांच्याच मोठेपणाची चर्चा होती आणि, खोटं कशाला बोला, त्यांनाही ती गोड लागू लागली होती. स्कूटर शरणप्पाची असेल, पण मान पुन्हा आपल्याच घरी आला! इतक्यात शेजारचा गुरुबसप्पा पेढे घेऊन आला.

"अण्णा, सोमवारी आमचीबी स्कूटर येतीय. तुमी पुढं चालल्याबिगर ती दारातनं आत घ्यायची न्हाय, असं आमच्या आईनं सांगितलंय."

"येतील की! त्यात काय विचारायचं?" गिरिजाबाईंनी नवऱ्याच्या वतीनं परस्पर कबूल करून टाकलं.

वीरभद्रप्पांच्या हातातला पेढा तोंडापाशीच थांबला. "तुजी स्कूटर? तू कवा नंबर लावलास?"

"मी कुटला लावतोय! तुमी सोडलेला नंबर हुता न्हवं, त्योच मी खटपट करून माज्या नावावर करून घेतला. शरणप्पाच्या मागचाच हुता की."

वीरभद्रप्पांनी पेढा तसाच खाली ठेवला.

"सोमवारी वहाणा घरीच ठेवा हं," गिरिजाबाई कौतुकानं म्हणाल्या.